आठवड्याची बाटली

१८ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' सवयीनं लिहिलं गेलं, आता खोडत नाही. इकडे सर्व क्षेम आहे असं यानंतर लिहायची रीत आहे, पण ते मी लिहिणार नाही. क्षेम नाही, आणि हे तुम्हाला फोनवर सांगून झालंय. फोनवर मी एक वाक्य बोलते तोवर तुमची चार होतात. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून पत्र.

आधी बातमी. आई परवा दवाखान्यातून घरी आल्या. बोलणं पूर्वीसारखं सरळ झालंय. मला ओळखतात, छोटीला ओळखतात. मूत्रपिंडांना मार बसलाय, तो कितपत भरून येईल हे डॉक्टरीणबाई आज सांगू शकत नाहीत. दूध-दही सध्या बंद, पाणी भरपूर. माझे ड्रायव्हिंगचे क्लास पुन्हा सुरू झालेत. मी सुट्टीवर होते तेवढ्यात दोन विद्यार्थिनी दुसऱ्या स्कूलकडे गेल्या, जाऊ देत.

तुम्ही आला नाहीत. खोका आला.

आई सलाईनवर होत्या आणि दारात कुरिअरवाला उभा. नेहमीचाच खोका, वर उगवता सूर्य, सूर्याच्या पुढे हात जोडून तुम्ही. आत डी व्हिटॅमिनच्या छोट्या बाटल्या आणि एक छापील कार्ड, 'प्रतिकारशक्ती हीच खरी श्रीमंती'. मी तुमच्या ऑफिसात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तो दर महिन्याला आपोआप जातो." म्हणजे ज्या औषधापायी आई मरणाच्या दारात गेल्या, ते त्यांच्या पत्त्यावर आपोआप येतं. मुलगा मात्र आपोआप येत नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात, "वहिनी, मी आठवड्याला एक सांगितलं होतं. तिनं रोज घेतली तर त्याला मी काय करू? घरात लक्ष द्यायला कुणी नव्हतं का?"

तुम्ही ते सांगितलंत त्या दिवशी फोन स्पीकरवर होता, भाऊजी. मी समोर बसून भाजी निवडत होते. आईंनी तुम्हाला विचारलं, "हे आठवड्याला एक लिहिलंय, माझ्या वयाला पुरेल का रे?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या वयाला आठवड्याला एकानं काय होतंय? रोज घे. मी स्वतः रोज घेतो." मी मान वर करून म्हटलं, "रोज? एवढं चालतं का?" तुम्ही हसलात. "वहिनी, तुम्ही गाड्या शिकवा, तब्येतीचं माझ्यावर सोडा."

सोडलं. त्याचं काय झालं ते आता सगळं ऐका, कारण फोनवर तुम्ही 'हं, हं' करत होतात.

आधी आईंचं जेवण कमी झालं. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मग तहान. तांब्या रिकामा, पुन्हा भरा, पुन्हा रिकामा. पोट साफ होईना. मळमळ सुरू झाली. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, वय झालं की असं व्हायचंच. आईंना तुमच्यावर इतका भरवसा की मळमळ होतेय म्हणूनही बाटली चुकवली नाही. उलट म्हणायच्या, "अंगातली घाण बाहेर पडतेय. त्याच्या भाषणात आहे तसं."

मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर रिकामं पातेलं गॅसवर तापत होतं आणि आई बाजूला उभ्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कोणाकडे आलात?"

मी म्हटलं, "आई, मी आहे."

"बसा ना. मुलगा येईलच आता दुकानातून."

कुठला मुलगा, हे तुम्हाला सांगायला नको. दुकानातून येणारा एकच होता.

मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" थोडी शुद्ध होती तेव्हा आई म्हणाल्या, "काही नाही." त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. ते धाकट्यानं पाठवलेलं होतं. मी बाटली दाखवली तेव्हा बाईंनी ती दिव्याजवळ धरून दोनदा वाचली. "रोज? कुणी सांगितलं रोज?" पलंगावरून आईंनी माझा हात दाबला. मी तुमचं नाव घेतलं नाही. ते तुमच्यासाठी नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

रक्तातलं कॅल्शियम इतकं चढलं होतं की त्यानंच डोकं भ्रमलं आणि मूत्रपिंडं थकली. डी व्हिटॅमिनचा आकडा तर त्यांच्या यंत्राला मोजताच आला नाही, 'याच्यापेक्षा जास्त' एवढंच छापून आलं. बाईंनी मला नीट बसवून सांगितलं. रोगाशी लढणाऱ्या पेशींना डी लागतं, हे खरं. कमी असेल तर भरून काढायला हवं, तेही खरं, आणि पुष्कळ लोकांचं कमी असतंही. पण पुरेसं झाल्यावर आणखी घेतलं म्हणून अंगात आणखी बळ येत नाही. आणि हे पाण्याबरोबर निघूनही जात नाही, चरबीत जाऊन बसतं, महिनोन् महिने. मी गाड्यांमधली बाई, मला माझ्या परीनं कळलं. टाकी भरली की पंपावरचा पोऱ्याही नळी काढून घेतो. तुम्ही ओतत राहिलात, आणि वर टाकीचाच दोष काढताय.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

आई घरी आल्यावर मी तो नवा खोका कचऱ्यात टाकला. आईंच्या कपाटातल्या उरलेल्या बाटल्याही टाकल्या. काल संध्याकाळी क्लास लवकर संपला म्हणून लवकर घरी आले. छोटी अभ्यासाला बसली होती. तिच्या दुधाचा पेला ओट्यावर होता आणि आई पदराआडून त्यात बाटली उलटी करत होत्या.

मी पेला उचलून मोरीत ओतला. मी आजवर आईंवर आवाज चढवला नव्हता, काल चढवला. छोटी घाबरून दाराशी आली. कधीपासून विचारलं, तर म्हणाल्या, "रोज नाही गं. आठवड्यातून दोन-तीनदा. तीही अर्धीच." दवाखान्यात जायच्या आधीपासून, बरं का. आपण स्वतः बेशुद्ध होईस्तोवर त्या नातीला पाजत होत्या, आणि बऱ्या होऊन आल्या तेव्हा शिवणयंत्राच्या खणातून उरलेल्या काढून पुन्हा पाजायला लागल्या.

आज सकाळी छोटीचं रक्त तपासलं. हद्दीच्या वर आहे, धोक्याच्या खाली आहे. बंद केलं की उतरेल. हे वाक्य कानावर पडेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर माझं काय झालं, ते मी लिहीत नाही. तुम्हाला मूल नाही, आणि असतं तरी लिहिलं नसतं.

मी आईंना विचारलं, "एवढं भोगलंत, तरी हिला देताय? का?"

त्या म्हणाल्या, "हिच्या बापाचं झालं ते हिचं नको व्हायला."

तर भाऊजी, आपण इथे येऊन पोहोचलो. मला वाटलं होतं की तुम्ही काय बोललात ते फक्त मीच जपून ठेवलंय. तुमचे दादा गेले त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं होतं. तुम्ही मधल्या खोलीत उभं राहून त्यांचे रिपोर्ट चाळलेत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "दादाचं डी बघा किती कमी होतं, ऊनच कुठे मिळायचं त्याला. एवढं एक जरी कुणी बघितलं असतं तरी दादा आज असता." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. बायको घरात असून हिनं नवऱ्याचं एवढंही बघितलं नाही. तेव्हापासून माझ्यासमोर कुणी नुसतं 'ऊन' म्हटलं तरी मी तिथून उठून जाते. दोन वर्षं मी मूग गिळून बसले, कारण तुम्ही भाऊ गमावला होता आणि माणूस दुःखात काहीही बोलतो.

पण ऐकणारी मी एकटी नव्हते. भिंतीला टेकून आईही ऐकत होत्या. दवाखान्यात भ्रमात असताना त्या पुन्हा पुन्हा एकच बडबडत होत्या. "मीच बसवलं त्याला तळघरात. मीच." तेव्हा मला कळलं नाही. काल कळलं. घड्याळाचं दुकान मामंजींचं, बाजाराच्या तळमजल्याखाली, जिथे दिवसाही दिवा लागतो. मामंजी गेल्यावर 'दुकान तूच चालव' म्हणून यांच्या मागे कोण लागलं? आई. तुम्हाला कुणी बसवलं नाही, तुम्ही हिंडायला मोकळे. मग तुम्हीच येऊन सांगितलंत की ऊन मिळालं नाही म्हणून दादा गेला. आईंनी तुमच्या बाटल्या का ढोसल्या हे तुम्हाला अजूनही कळलं नसेल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

मी डॉक्टरीणबाईंना यांचेही जुने रिपोर्ट दाखवले. त्या म्हणाल्या, आजारी माणसाचं डी पुष्कळदा कमीच सापडतं. कमी होतं म्हणून आजारी पडले, की आजारपणानं कमी झालं, हे त्या एका आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. यांना लहानपणापासून दमा. फुप्फुसात संसर्ग पसरला तेव्हा तीन-तीन डॉक्टर झगडत होते. 'एवढं एक बघितलं असतं तर' असं त्यातलं कुणीही म्हणालं नाही. ते म्हणायला तुम्ही लागलात, टायर विकता विकता आरोग्याकडे वळलेले.

आणि ते तेवढ्यावर थांबलं नाही. गेल्या महिन्यात गाडी रिव्हर्स घेता घेता माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, तुमच्या दिरांच्या शिबिराला गेले होते. सख्ख्या भावाची गोष्ट सांगतात ना, पडद्यावर फोटो दाखवून, सगळा हॉल रडतो. मी दोन खोके घेतले." मी ब्रेक दाबला. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तिला वाटलं तिचं काही चुकलं.

आता माझं मागणं. मला माफी नको, ती तुमच्यापाशी ठेवा. तुम्ही इथे या, आईंसमोर बसा आणि सांगा की दादांबद्दलचं ते वाक्य खोटं होतं. मी सांगून बघितलं, डॉक्टरांनी सांगितलं, आईंना पटत नाही. तुम्ही बोललात ते तुम्हीच मागे घेतलंत तरच त्यांना पटेल. नाहीतर मी घरातल्या किती बाटल्या फेकल्या तरी त्या कुठून तरी आणतील आणि माझ्या लेकीला पाजतील, आणि माझ्या लेकीला मी त्यांच्याजवळ ठेवून कामाला जाऊ शकणार नाही. हे घर मग घर राहणार नाही.

उत्तर पाठवू नका. या.

तुमची
वहिनी


१४ डिसेंबर

भाऊजी,

परवाच्या कार्यक्रमात तुमच्या बाटल्या का खपल्या नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. म्हणून हे पत्र.

आधी जे तुमच्या बाजूचं आहे ते लिहिते. माझं पत्र मिळाल्यावर तुम्ही आलात. मी क्लासची गाडी घेऊन रस्त्यावर होते, घरी आले तोवर तुम्ही निघून गेला होतात. आईंनी सगळं सांगितलं. सुरुवातीला तुम्ही खूप फिरवून बोललात, संशोधन काय म्हणतं, परदेशात काय चाललंय. शेवटी आईंनी विचारलं, "एवढंच सांग. उन्हात बसला असता तर तो वाचला असता की नसता?" आणि तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही, आई. मी उगाच बोललो."

त्यानंतर आईंनी स्वतः शिवणयंत्राचा खण उपसून दाखवला. एक शिल्लक होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली. त्या रात्री जेवल्या, छोटीला शेजारी घेऊन झोपल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा आई यांच्याबद्दल माझ्याशी सलग बोलल्या. लहानपणी दम्यानं जीव घाबरा व्हायचा तेव्हा रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायच्या, ते. दुकानात कुणी बंद घड्याळ आणलं की हे आधी कानाला लावायचे, ते. मला वाटलं, झालं. तुमच्यावरचा माझा अर्धा राग मी तिथेच सोडून दिला होता, हे तुम्हाला कळायला हवं.

मग आमच्याच गावात तुमच्या कार्यक्रमाचे फलक लागले. आई म्हणाल्या, "मला घेऊन चल. तो आता खरं सांगेल, ते मला लोकांत बसून ऐकायचंय."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला फार बसवणार नाही."

"बसवेल."

आम्ही शेवटच्या रांगेत होतो. तुमच्या डोळ्यांवर दिवे, तुम्हाला दिसलो नसू. तुम्ही छान बोलता, हे मान्य करायलाच हवं. डी व्हिटॅमिन शरीरात काय करतं, पेशी कशा जाग्या होतात, मला सगळं समजलं, आणि त्यातलं बरंचसं डॉक्टरीणबाईंनीही सांगितलेलंच होतं. आई मान डोलवत होत्या. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर हे आले. डोळ्याला भिंग लावून घड्याळावर वाकलेले. तो फोटो मी काढलाय, भाऊजी. तुम्ही थोडं थांबलात, आवाज खाली आणलात आणि म्हणालात, "हा माझा मोठा भाऊ. यानं कधी ऊन बघितलं नाही. एक बाटली, फक्त आठवड्याला एक बाटली, आणि हा आज माझ्या शेजारी उभा असता."

आमच्या स्वयंपाकघरात 'माहीत नाही' म्हणून तुम्हाला पुरता महिनाही झाला नव्हता.

मी आईंकडे बघितलं. मला वाटलं रडतील. त्यांनी काठी उचलली आणि म्हणाल्या, "चल बाहेर." मला वाटलं, घरी. बाहेर तुमचं विक्रीचं टेबल मांडलेलं होतं, खोक्यांचे ढीग लावून. चहावाल्याकडून आईंनी खुर्ची मागून घेतली आणि टेबलाच्या बरोबर शेजारी बसल्या. कार्यक्रम संपला, लोक रांगेनं आले. पहिल्याच बाईंच्या हातात तीन खोके होते.

आई म्हणाल्या, "कोणासाठी घेताय?"

"घरात सगळ्यांसाठी. नातू सारखा आजारी पडतो."

"त्याचं रक्त तपासलंत? किती आहे बघितलंत?"

"नाही. कशाला? व्हिटॅमिनच तर आहे."

"मलाही असंच वाटलं होतं. पडद्यावर होता ना, तो माझा मुलगा. आणि स्टेजवर होता तोही माझाच." मग आईंनी हातावरचे सलाईनच्या सुयांचे अजून न गेलेले डाग त्यांच्यापुढे धरले आणि सगळं सांगितलं. आवाज न चढवता, काही न वाढवता. कमी असेल तर डॉक्टर देतील, लागेल तेवढंच देतील, तेही सांगितलं. बाईंनी तिन्ही खोके परत ठेवले. मागचे लोक ऐकायला पुढे सरकले. आईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर पुन्हा.

तुमची टेबलावरची मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही इथे बसू नका ना." आई म्हणाल्या, "बाळ, मी सरांची आई आहे. मला उठवायचं असेल तर त्यांनाच बोलाव." ती तुम्हाला बोलवायला गेली नाही. का गेली नाही, ते तिला विचारा. तिनं नंतर आम्हाला रिक्षापर्यंत सोडलं, आणि स्वतःच्या आईला या बाटल्या देते आहे, काय करू, असं विचारलं.

रिक्षात आई मागे टेकल्या. थकवा होता तसा संतापही होता. म्हणाल्या, "दोन वर्षं हे माझ्या डोक्यावर ठेवलं त्यानं. मी स्वतःला खुनी समजत होते गं. आणि तो तेच तिकीट लावून दाखवतोय." मी आजवर आईंना तुमच्याविषयी असं बोलताना ऐकलं नव्हतं. माझा राग माझा एकटीचा होता, तेव्हा तो मला जड होता. परवापासून आम्ही दोघी मिळून उचलतोय, बराच हलका वाटतो. तुम्ही मात्र त्यावर जाऊ नका, तो कमी झालेला नाही.

आता आई शेजारी बसल्या आहेत आणि सांगतील तसं लिहायला सांगतायत. त्यांचेच शब्द आहेत, मी काना-मात्राही बदलत नाही:

"धाकट्या, तू घरी येत जा. तुला या घराचं दार बंद नाही. पण त्याचा फोटो खाली काढ. तो माझा आहे, हिचा आहे, छोटीचा आहे, तुझ्या दुकानाचा नाही. आणि माझ्यासमोर जे म्हणालास ते त्या लोकांसमोर म्हण. माहीत नाही म्हणायला लाज कसली? तुझे वडील घड्याळ उघडून बघितल्याशिवाय कधी बोलायचे नाहीत. पुढचा कार्यक्रम कुठे आहे ते मी शोधून काढीन. लांब असला तर ही गाडी चालवते, आम्ही येऊ. मला आता जास्त वेळ उभं राहवत नाही, तेव्हा टेबलाशी एक खुर्ची ठेवायला सांग. ठेवली नाहीस तरी मी येणार आहे."

एवढंच. खाली सही त्यांनी स्वतः केली आहे. अशक्तपणा अजून आहे, म्हणून वाकडी आली आहे, पण वाचता येते.

तुमच्या दादांची बायको

आणि
तुम्हा दोघांची आई